सुमे, ती ट्यूब आधी बघ

प्रिय सुमे,

काल तुझा व्हॉइस मेसेज ऐकला आणि रात्री झोपच नीट लागली नाही. दापोलीत होतीस तोवर चेहऱ्याला कधी काही लावलं नाहीस, आणि नागपूरला जाऊन वर्ष नाही झालं तर गाल सोलपटतायत, उन्हात गेलं की चरचरतं, त्यात मेडिकलवाल्याने दिलेली ती गोरं करायची ट्यूब 4 महिने रोज लावतेयस म्हणे! अगं, सगळ्यात आधी ती ट्यूब बघ. मागे बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काही लिहिलंय का? असेल तर ते स्टिरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो, पुळ्या बसतात, म्हणून आवडतं सगळ्यांना, पण लावत राहिलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, आणि सोडलं की काही दिवसांत चेहरा लालबुंद होऊन पेटतो, मग माणूस घाबरून परत तीच लावतो. माझ्या मामेबहिणीचं अगदी हेच झालं, वर्षभर निस्तरत होती. चिठ्ठीशिवाय असली मलमं विकायचीच नाहीत असा नियम 2018 मध्येच झालाय, तरी मिळतात, याचा मला फार राग येतो. तू मनानेच काही करू नकोस, या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरकडे जा, ट्यूब सोबत ने, कशी सोडायची ते सांगतील.

आणि माझं बघून सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश आणलास ना, तो बाजूला ठेव. माझं कपाळ दुपारपर्यंत तेलाने चमकतं, मला तो चालतो. तुझी स्किन मला कोरडीच वाटते, आपल्याकडच्या दमट हवेत ते कळलं नाही इतकंच. नक्की कळायला रात्री सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, काहीच लावायचं नाही आणि तासाभराने आरशात बघायचं. सगळीकडे ताणल्यासारखं वाटलं तर कोरडी, फक्त कपाळ-नाक चमकलं तर मिश्र. पण हे आत्ता करू नकोस, ट्यूबचा परिणाम आहे तोवर खरं कळणार नाही.

तोपर्यंत डॉक्टरांना विचारून फक्त 3 गोष्टी. साबण बंद, तो अल्कलाइन असतो, कोरड्या कातडीला अजून ओढतो. कोमट पाण्याने धुवून तोंड ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सिरामाइडवालं (कातडीतला ओलावा धरून ठेवणारा घटक), वास नसलेलं मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ 30 पुरे, पण दोन बोटांवर लांब रेघ येईल एवढं घे, मटारएवढ्याने काही होत नाही. लिंबू तर लावूच नकोस, काकूंनी कितीही सांगितलं तरी. आणि काकूंचं ते डाळीच्या पिठाचं उटणं, साय घालून केलेलं, मलाही आवडतं गं, दिवाळीत त्या वासानेच जाग यायची आपल्याला, पण गाल बरे होईपर्यंत ते चोळणंही नको.

तू सावळीच छान दिसतेस सुमे, मी हे शाळेपासून सांगतेय आणि मनापासून सांगतेय. त्या ट्यूबचा मागच्या बाजूचा फोटो आज रात्रीच पाठव. अपॉइंटमेंट मिळाली की कळव, एकटीने जायला नको वाटत असेल तर शनिवारची रजा टाकून मी येते.

तुझीच,
मनू