महाल भागातल्या पेटीवाल्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमच्या मंडळाच्या अभिवाचनाआधी ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाचा इतिहास श्रोत्यांना थोडक्यात सांगावा, एवढ्याच हेतूने मी आपल्याकडे आलो होतो. आपण मात्र खळीने चिकटवलेल्या पुठ्ठ्यातली जुनी संहिता हाती दिलीत, पेटीवरचे कापड बाजूला केलेत आणि सारी दुपार माझ्यासाठी खर्ची घातलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

१९६७ साली ‘नाट्यसंपदा’ या नाट्यसंस्थेने रंगभूमीवर आणलेल्या या नाटकाचे नागपूरशी असलेले नाते आपण नेमके दाखवलेत. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर आपल्या ‘रंजन कला मंदिर’ या नाट्यसंस्थेचे, आणि खाँसाहेबांची भूमिका गाजवणाऱ्या वसंतराव देशपांडे यांचे गाण्याचे शिक्षण सुरू झाले तेही इथेच, शंकरराव सप्रे यांच्याकडे. सिव्हिल लाइन्समधल्या वसंतरावांच्या नावाच्या सभागृहात आपण नागपूरकर वर्षानुवर्षे जातो, पण तिथल्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे!

माझ्या टिपणाला खरा आधार मिळाला तो ‘घेई छंद मकरंद’मुळे. हे एकच पद नाटकातल्या दोन प्रतिस्पर्धी घराण्यांच्या गायकांच्या, पंडितजींच्या आणि खाँसाहेबांच्या, अशा दोन वेगळ्या ढंगांत का बांधले आहे, हे आपण दोन्ही चाली पाठोपाठ वाजवून उलगडलेत. पहिलीत आपण शब्द पुरता उमलू दिलात, तर दुसरीत तोच शब्द तानेच्या ओघात टाकून झर्रकन पुढे गेलात. घराण्यांचा झगडा संवादांत रंगण्याआधी संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी तो सुरांत मांडून ठेवला आहे, आणि म्हणूनच या नाटकातली पदे गाळली तर कथानकच उरत नाही, हे आपले म्हणणे मी टिपणात जसेच्या तसे घेतले आहे. २०१० मध्ये राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांनी, वसंतरावांनी, गाजवलेली खाँसाहेबांची भूमिका केली आणि २०१५ मध्ये चित्रपट आला, हा भाग सर्वांच्या परिचयाचा असल्याने दोन ओळींत आटोपला.

संहिता येत्या रविवारी परत आणून देतो. त्या वेळी याच नाटकातले ‘या भवनातील गीत पुराणे’ हे पद ऐकवावे, ही विनंती. श्रोत्यांनी त्याविषयी विचारल्यास उत्तर आपल्याकडूनच घ्यावे लागेल.

आपला कृतज्ञ,
अभिवाचन मंडळाचा एक सदस्य, नागपूर