ओवीच्या वाचनाबद्दल

लेस्टर, जून २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही ओवीला स्पेलिंग विचारलंत आणि ती गप्प बसली, याची तुम्हाला काळजी वाटते असं आई म्हणाली. काळजी करू नका. इथे अक्षरांच्या नावांआधी आवाज शिकवतात. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गात सुरुवात होते ती स्, ॲ, ट्, प्, इ, न् या आवाजांनी. 'शिप' वाचताना ओवी आधी श्... इ... प् असं सुटं म्हणते आणि मग एका दमात 'शिप!' आपण 'म' म्हटलं की त्यात 'अ' येतोच. बाईंनी आम्हा पालकांनाही बजावलंय, ओठ मिटून नुसतं 'म्म्म' म्हणा, नाहीतर पोराला आवाज जोडता येत नाहीत.

या महिन्यात पहिलीतल्या मुलांची सरकारी चाचणी झाली. चाळीस शब्द, त्यातले वीस खोटे, कशालाच अर्थ नसलेले. पाठांतरावर भागू नये म्हणून. २०१२ मध्ये ही चाचणी सुरू झाली तेव्हा ५८ टक्के मुलं पार पडली होती, २०२४ मध्ये ८० टक्के.

पण बाबा, तुम्ही जन्मभर पहिली-दुसरी शिकवलीत, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिते. या पद्धतीला बळ मिळालं ते स्कॉटलंडमधल्या क्लॅकमॅननशरच्या अभ्यासामुळे. प्राथमिक शाळा संपताना तिथली मुलं शब्द वाचण्यात वयाच्या मानाने साडेतीन वर्षं पुढे होती. वाचलेलं समजण्यात मात्र जेमतेम साडेतीन महिने! लंडनच्या अर्थशास्त्रज्ञांनाही दिसलं की अकराव्या वर्षापर्यंत सरासरी फायदा विरतो. टिकतो तो गरीब घरच्या आणि घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना. म्हणजे आपल्या ओवीसारख्यांना. त्यामुळे शाळा शिकवते ते मला मनापासून पटतं. फक्त तेवढ्यावर थांबायचं नाही. तिला 'फॉरेस्ट' बिनचूक वाचता येतं, पण त्यात शिरल्यावर काय वाटतं हे तिला गोष्टीतूनच कळणार, आणि ती गोष्ट मराठीत असली तरी चालेल.

म्हणून रविवारी तिला कोल्ह्या-करकोच्याची गोष्ट सांगाल का? वर्गात सांगायचात तशीच, मध्ये थांबून "आता करकोचा काय करेल?" असं विचारत. ऑगस्टमध्ये ताई येतेय, तिच्याबरोबर मोठ्या अक्षरांची चित्रांची पुस्तकं पाठवा. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळवा.

तुमची,
मंजू