एकोणचाळीस मिनिटांचा हिशेब

दादर, मुंबई
२ मे

प्रिय वसंत,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर तू वडिलांच्या जन्मवेळेचा विषय काढलास आणि मी ‘सकाळी नऊ पंचवीस’ असे ठोकून दिले, ते उत्तर चुकीचे होते. अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही, परंतु अर्धवट नक्कीच होते, आणि हे ध्यानात येण्यास मला चार दिवस लागले. रेल्वेच्या वेळापत्रक विभागात तीस वर्षे काढलेल्या माणसाने वेळेच्या बाबतीत असे बेसावध राहावे याची लाज वाटते, म्हणून हे सविस्तर पत्र.

माळ्यावरची ट्रंक आवरताना वडिलांची मूळ पत्रिका सापडली. हळदीचे डाग पडलेला, घडीवर विरलेला तो लांबोडका कागद तुला आठवत असेल, कारण लहानपणी आपण त्याची सुरळी दुर्बीण म्हणून वापरली होती आणि आजीचा मार खाल्ला होता. त्यात जन्मतारीख २० जानेवारी १९३८, जन्मस्थान गिरगाव आणि वेळ सकाळी ९ वाजून २५ मिनिटे अशी नोंद आहे. त्याखाली जोशीबुवांनी नेहमीच्या पद्धतीने ‘श्रीसूर्योदयात् गतघटी ७, पळे ५’ असेही लिहून ठेवले आहे. माझ्या चुलतभावाने काही वर्षांपूर्वी संगणकावर जी नवी पत्रिका काढली ती घड्याळाच्या वेळेवरून काढली. घटीपळांकडे त्याने पाहिलेच नाही. मी ती पडताळून पाहिली, आणि घोळ तिथेच सापडला.

एक घटी म्हणजे २४ मिनिटे आणि एक पळ म्हणजे २४ सेकंद, हे तुला सांगायला नको. आपल्या लग्नांत ज्या काळी खरेखुरे घटिकापात्र पाण्यात सोडत, त्या काळी तळाला बारीक भोक असलेली ती तांब्याची वाटी बुडायला २४ मिनिटेच लागत. तेव्हा ७ घटी आणि ५ पळे म्हणजे १७० मिनिटे, अर्थात दोन तास पन्नास मिनिटे झाली. वीस जानेवारीला मुंबईत सूर्य आपल्या घड्याळाने सव्वासातच्या मिनिटभर आधी उगवतो. सात चौदामध्ये दोन तास पन्नास मिनिटे मिळवली तर दहा वाजून चार मिनिटे होतात, नऊ पंचवीस होत नाहीत. जोशीबुवांचे गणित चुकले म्हणावे, तर फरक बरोबर एकोणचाळीस मिनिटांचा आला, आणि हा आकडा पाहताच मी कपाळावर हात मारून घेतला. नऊ पंचवीस ही ‘मुंबई टाइम’प्रमाणे सांगितलेली वेळ होती.

तुझे सगळे आयुष्य नागपुरात गेल्यामुळे मुंबई टाइम हे प्रकरण तुझ्या कानांवर फारसे आले नसेल. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला चार मिनिटे लागतात. मुंबई साधारण ७२.८ पूर्व रेखांशावर आहे. त्याला चाराने गुणले की २९१ मिनिटे, म्हणजे ग्रिनिचच्या पुढे चार तास एक्कावन्न मिनिटे, ही मुंबईची स्वतःची, तिच्या सूर्यावरची वेळ झाली. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंशांच्या रेखेवर बेतलेली आहे आणि त्या आकड्याला चाराने गुणले की नेमके साडेपाच तास येतात. या दोन वेळांमधले अंतर म्हणजेच ती एकोणचाळीस मिनिटे. नेपाळचे पाच तास पंचेचाळीस मिनिटांचे घड्याळ आपल्याला विक्षिप्त वाटते, परंतु तेही गौरीशंकर शिखराच्या ८६.२५ अंशांना चाराने गुणूनच आलेले आहे.

आता माझ्या जुन्या खात्याचीही थोडी अब्रू काढतो. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी सुटली, हे आम्ही प्रत्येक वर्धापनदिनी अभिमानाने सांगत आलो. परंतु ते तीन पस्तीस कोणाचे, हा प्रश्न मला नोकरीत असताना कधी पडला नाही. देशासाठी एक वेळ ठरवलेलीच नव्हती, त्यामुळे ते मुंबईच्या सूर्याचे तीन पस्तीस असणार, आणि आजच्या घड्याळात तेव्हा सव्वाचार होत आले असणार. पुढे लोहमार्ग गावोगाव पोहोचले आणि प्रत्येक गावाची वेगळी वेळ सांभाळणे अशक्य झाले, तेव्हा रेल्वेने मद्रासची वेळ उचलली. मद्रास रेखांशाने मुंबई आणि कलकत्ता यांच्या अधेमधे पडते, आणि तिथल्या वेधशाळेतून तारायंत्राने वेळ कळवण्याची सोयही होती. यामुळे मुंबईच्या स्टेशनातले घड्याळ शहराच्या घड्याळापेक्षा अर्धा तास पुढे राहू लागले. गाडी चुकलेल्या माणसाला ‘मी वेळेवर आलो होतो’ असे शपथेवर सांगता येईल आणि ते खरेही असेल, असा तो काळ होता.

सरकारला हा दुहेरी कारभार खटकला. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ साली शहरातही मद्रास टाइम लागू करण्याचा हुकूम काढला आणि मुंबईकरांनी तो मनावर घेतला नाही. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तेव्हा नवा होता. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला आणि १८७८ साली पूर्ण झाला. जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या, दृष्टी गेलेल्या राजाबाईंना टोल ऐकून वेळ कळावी म्हणून मुलाने तो बांधवला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, सूर्यावर चालणाऱ्या जेवणासाठी घड्याळाचा मनोरा, ही कल्पना मला फार आवडते. या मनोऱ्यावर मद्रास टाइम दाखवणार नसाल तर तबकडीवरच्या दिव्यांचा खर्च आम्ही देणार नाही, असे सरकारने बजावले, आणि तरीही विद्यापीठाने १८८३ साली मुंबईच्या वेळेच्याच बाजूने कौल दिला. अखेरीस सरकारलाच माघार घ्यावी लागली.

खरा पेच मात्र १ जानेवारी १९०६ रोजी पडला, कारण त्या दिवसापासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. बंगालच्या फाळणीला जेमतेम अडीच महिने झाले होते आणि लोकांचा राग ताजा होता, परंतु गिरणगावातल्या रागाला याहून साधे कारण होते असे मला वाटते. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय जुन्या वेळेने साडेसहाच्या सुमारास होतो. घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे ढकलून गिरणी त्याच आकड्याला सुरू करायची म्हटली, तर कामगाराने आपल्या झोपेतून पाऊण तासाला थोडी कमी एवढी वेळ काढून द्यायची आणि थंडीच्या अंधारात फाटकावर हजर व्हायचे. भोंग्यावर ज्यांचे पोट चालत होते त्यांना हे कोणी समजावून सांगितले नव्हते. त्या महिन्यात हजारो कामगारांनी माग चालवण्यास नकार दिला आणि गिरण्यांवर दगडफेक केली. इतिहासाच्या पुस्तकांत आपण संपांची कारणे मजुरी आणि कामाचे तास अशी वाचतो. कामाचा एकही तास न वाढवता केवळ काट्यावरून झालेला हा उठाव मात्र शाळेत कोणी सांगितला नाही.

मुंबई महापालिकेने त्याच वर्षी आपल्या घड्याळांपुरता मुंबई टाइम परत आणला, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे या शहराने एका शरीरात दोन नाड्या वागवल्या. सरकारी कचेऱ्या, तारघरे आणि रेल्वे स्टँडर्ड टाइमवर, तर महापालिका आणि कित्येक घरे मुंबई टाइमवर. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेत मुहूर्ताच्या पुढे ‘स्टँ. टा.’ किंवा ‘मुं. टा.’ लिहिले नाही तर अर्धे वऱ्हाड अक्षता पडून गेल्यावर यायचे. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. मुंबईने १९५५ पर्यंत धरून ठेवली. वडील तेव्हा सतरा वर्षांचे होते. म्हणजे त्यांचे सारे शालेय जीवन दोन घड्याळांत गेले, आणि याविषयी त्यांनी मला एक अक्षरही कधी सांगितले नाही. बहुधा त्यांना त्यात सांगण्यासारखे काही वाटलेच नसावे.

तू वकील असल्यामुळे तुला आवडेल असा एक खटलाही सांगतो. इंग्लंडमध्ये डॉर्चेस्टर गावी न्यायालयाची वेळ सकाळी दहाची होती. न्यायाधीश ग्रिनिच वेळेने चालणाऱ्या घड्याळाप्रमाणे बरोबर दहाला स्थानापन्न झाले, प्रतिवादी हजर नाही असे पाहून त्यांनी वादीच्या बाजूने निकाल दिला, आणि मग प्रतिवादीची बाजू येऊन सांगू लागली की गावच्या वेळेने अद्याप दहा वाजलेलेच नाहीत. डॉर्चेस्टरचा सूर्य ग्रिनिचच्या सुमारे दहा मिनिटे मागे असतो. प्रकरण वर गेले आणि १८५८ साली असे ठरले की दहा म्हणजे त्या त्या ठिकाणचे दहा, आणि खटला पुन्हा चालवावा लागला. हा गोंधळ मिटवणारा कायदा इंग्लंडने १८८० मध्ये केला. आपल्याकडे मात्र कायद्याने सूर्याला पुरती रजा दिलेली नाही. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही, ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि नव्या संहितेतही आहे. वाहनाचे दिवे लावण्याचा नियमही सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरू होतो. घटना गडचिरोलीत घडली असेल आणि तुझा अशील मुंबईच्या सूर्यास्ताचा हवाला देत असेल, तर अर्ध्या तासाच्या आसपासचा फरक पडतो, एवढे लक्षात ठेव.

यात आणखी एक गंमत अशी की सूर्य स्वतःही काटेकोर नाही. पृथ्वीचा अक्ष कललेला आणि तिची कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे सूर्य कधी घड्याळाच्या पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो. मुंबईत सूर्य माथ्यावर येण्याची सरासरी वेळ दुपारी १२ वाजून ३९ मिनिटे; परंतु नोव्हेंबरच्या प्रारंभी तो १२ वाजून २३ मिनिटांनाच मध्यावर येतो आणि फेब्रुवारीच्या मध्यास त्याला १२ वाजून ५३ मिनिटे होतात. यामुळेच सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला, तरी मुंबईतला सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीसच होऊन गेलेला असतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यात येतो. संक्रांतीला दिवस तिळातिळाने वाढतो असे आजी म्हणायची, तेव्हा मी सकाळचा अंधार दाखवून तिच्याशी वाद घालत असे. वाढ संध्याकाळच्या बाजूने होत होती. आजीचे बरोबर होते, आणि दिसत होते तेवढ्यापुरते माझेही.

वडिलांच्या पत्रिकेचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. चुलतभावाने दहा वाजून चार मिनिटे ही वेळ घालून पुन्हा गणित केले आणि लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, दोन्ही वेळांना कुंभच निघाली. आणखी पंधरा-वीस मिनिटे गेली असती तर मीन लग्न लागले असते. ज्योतिषावर माझा विश्वास तुला ठाऊक आहे तेवढाच, म्हणजे शून्य. तरीही जोशीबुवांना मी मनोमन हात जोडले. घड्याळ कोणते ते लिहायला ते विसरले, परंतु सूर्योदयापासूनची घटीपळे त्यांनी चोख मांडली, म्हणून सत्याऐंशी वर्षांनंतर चूक पकडता आली.

तुझ्या नागपूरचे रेखांश ७९.१, त्यामुळे तुझा सूर्य माझ्यापेक्षा पंचवीस मिनिटे आधी माथ्यावर येतो. संकष्टीला दिनदर्शिकेतल्या गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा वहिनी पाहतात तेव्हा त्यात रेखांशाचे हेच गणित असते, आणि नागपूरचा उपास आमच्या आधी सुटतो याचा मला दर महिन्याला हेवा वाटतो. आता काम सांगतो. या महिन्याच्या मध्यास, १५-१६ तारखेला, मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर येईल आणि १२ वाजून ३५ मिनिटांनी उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होईल. मी गच्चीवर पाण्याचा पिंप ठेवून पाहणार आहे. तुमच्याकडे हा दिवस २६ मेच्या आसपास येतो आणि वेळ १२ वाजून १० मिनिटांची असेल. नातवाला बरोबर घे, डोक्यावर उपरणे घे, एक सरळ डबा उभा कर, आणि सावली नेमकी किती वाजता गेली ते लिहून कळव. घड्याळ मात्र आधी मोबाइलशी जुळवून घे; तुझ्या हॉलमधले लंबकाचे घड्याळ सात मिनिटे पुढे आहे, हे मी दिवाळीतच पाहून ठेवले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत