हसरा चेहरा हवाच

इमोजीमुळे भाषा बिघडते हा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, अजिबात पटला नाही. बोलताना आवाज असतो, चेहरा असतो, मेसेजमध्ये नुसती अक्षरं. 'ये घरी, बघते तुला' हे लाडानं म्हटलंय की दम दिलाय, ओळखायचं कसं? नुसतं 'बरं.' आलं तरी माणूस अर्धा तास विचार करत बसतो की आपलं काय चुकलं. आणि हे आजच्या पोरांचं खूळ नाहीये, १९ सप्टेंबर १९८२ ला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी कोलन, डॅश आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला तो याचसाठी, कारण तिथल्या संगणकावरच्या चर्चाफलकावर गमतीत लिहिलेलं लोक खरं समजायचे. उद्गारचिन्ह चालतं, मग हाच का खुपतो? अर्जात नको, मान्य, पण मित्राला लिहिताना तो हवाच.

– एक वाचक