औष्णिक संच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे

महोदय,

सौरविजेच्या चर्चेत ‘दुपारी औष्णिक (म्हणजे कोळशावर वीज बनवणारे) संच बंद ठेवा, संध्याकाळी लावा’ असे सहजपणे सुचवले जाते, म्हणून हे पत्र. मोठ्या केंद्रात कोळसा पिठासारखा दळून गरम हवेबरोबर भट्टीत फुंकला जातो आणि त्यावर तयार होणारी सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमानाची वाफ टर्बाइन फिरवते. सगळे सुरळीत चालू असतानाही कोळशातील जेमतेम ३५ ते ४० टक्के ऊर्जेचीच वीज होते.

असा संच पूर्ण थंड झाला, तर तो पुन्हा चालू करायला कित्येक तास लागतात. कारण टर्बाइनचे जाड पोलाद घाईने तापवले, तर आतल्या ताणामुळे त्याला तडे जाण्याची भीती असते. बंद न करता भार, म्हणजे संचाची वीजनिर्मिती, निम्म्याच्याही बराच खाली आणला, तर भट्टीतील ज्योत डळमळू लागते. झरोक्याच्या निळ्या काचेतून पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला ती फडफडताना दिसते आणि मग तिला आधार म्हणून महागडे तेल जाळावे लागते. दर युनिटमागे कोळसाही जास्त जातो. रोजच्या या तापण्या-निवण्याने बॉयलरच्या नळ्या लवकर फुटतात, हे तर वेगळेच.

सौरवीज हवीच, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र दोन्ही विजांच्या दरांची तुलना छापताना या चढउताराचा खर्च कोणाच्या खात्यात धरला आहे, तेही आपल्या वार्ताहरांनी नमूद करावे, ही विनंती.

– एक वाचक