ताईला हे पत्र वाचून दाखवा

बैरा, मोझांबिक
७ एप्रिल २०१९

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे. फोन लागतो आणि मध्येच तुटतो, म्हणून मुंबईला निघालेल्या सहकाऱ्यासोबत हे पत्र देतोय. ताई आली की तिला नक्की वाचून दाखवा, तिच्या धाकट्याने नौदलात जावं की नाही, त्याबद्दलच यात आहे.

१४ मार्चच्या रात्री इडाई वादळ इथे आदळलं. बाबा, तुम्ही फयान पाहिलंय, पण पाच लाख वस्तीचं शहर असं उघडं पडलेलं नसेल पाहिलं. पत्रे कागदासारखे उडाले. मोठ्या हॉस्पिटलचं छप्परही वाचलं नाही. वीज, पाणी, फोन सगळंच गेलं. पण खरा घात झाला तो वारा पडल्यावर. बूझी आणि पुंग्वे या नद्या पात्र सोडून पसरल्या आणि गावंच्या गावं पाण्याखाली गेली. माणसं झाडांवर नि छपरांवर अडकली. झिंबाब्वेकडचा महामार्ग तुटला. बाहेरून शहरात यायला विमानतळ आणि बंदर एवढंच उरलं.

अशा वेळी गाडाभर धान्य असून भागत नाही, ते पोचवणारा हात लागतो. आणि तो हात मी इथे पाहिला. आपल्या नौदलाची ‘सुजाता’ आणि ‘शार्दूल’, तटरक्षक दलाचं ‘सारथी’ ही जहाजं हिंदी महासागरातच होती. ती बैराकडे वळवली आणि बाहेरून मदतीला पोचलेल्या पहिल्या तुकड्यांत ती होती. ताई, हा प्रशिक्षणाचा ताफा आहे. यात अधिकारी होऊ पाहणारी तरणी पोरं शिकतात. तुझ्या धाकट्याएवढीच.

दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलाची हेलिकॉप्टर्सही आली. पण हेलिकॉप्टरमध्ये माणसं मावणार किती? आधी कोणाला उचलायचं हे ठरवणारे सैनिक रात्री कसे झोपत असतील, कोण जाणे. बूझी गावाची बरीच माणसं बोटींनीच बैराला आली. लष्करी बोटी पोचायच्या आधी कित्येकांना इथल्या कोळ्यांनी आपल्या लाकडी होड्यांतून काढलं होतं, तेही विसरता कामा नये.

नौदलाच्या वैद्यकीय शिबिरात मी दुभाष्या म्हणून बसलो. डॉक्टर हिंदीत विचारायचे, मी पोर्तुगीजमध्ये सांगायचो, आणि आमचा ड्रायव्हर ते पुढे इथल्या न्दाऊ भाषेत सांगायचा. एका म्हाताऱ्याचं पाऊल पत्र्याने कापलं होतं आणि दिवसचे दिवस पाण्यात उभं राहून पांढरंफट्ट पडलं होतं. नौदलाचा एक पोरगा खाली मांडी घालून बसला, त्याने ते पाऊल आपल्या मांडीवर घेतलं आणि हळूहळू घाण काढत राहिला. वास असह्य होता. त्याने तोंड फिरवलं नाही. मलमपट्टी झाल्यावर म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

सरकारी आकड्यांनुसार आपल्या लोकांनी १९२ जणांना वाचवलं आणि १,३८१ जणांवर उपचार केले. मृतांचा आकडा मोझांबिकमध्ये सहाशेच्या घरात आहे, त्यापुढे हे फार वाटणार नाही. मला मात्र ते फार वाटतं.

आता कॉलऱ्याने डोकं वर काढलंय. ३ तारखेपासून लस तोंडावाटे देताहेत, नऊ लाख डोस आलेत. मी पाणी उकळूनच पितो, आई, काळजी करू नकोस.

ताई, तू म्हणतेस नौदल म्हणजे लढाई, पोर हातचं जाईल. भीती खोटी नाही, मी ती खोडून काढत नाही. पण लढाई नसतानाही ही पोरं काय करतात ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि आपल्या घरातला मुलगा त्यांच्यात असावा असं मला मनापासून वाटतं. एनडीएचा पुढचा फॉर्म निघाला की भरू दे त्याला. भाऊजींशी मी बोलतो. त्याच्या क्लासची फी मी इथून पाठवीन.

बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

तुमचा,
नंदू