फुकट जाणाऱ्या खेळाडूंचं काय?

संपादक महाशय,

खेळाडूंच्या अदलाबदलीचा मोसम आला की आमच्या फोंड्याच्या बाजारात जो तो प्रशिक्षक होतो. माझ्या वह्या-पेनांच्या दुकानात तर त्या दिवसांत गिऱ्हाइकं कमी आणि मतं जास्त. सध्याचं सगळ्यांचं लाडकं मत असं की आपल्या एफसी गोवा फुटबॉल क्लबाने एकदा तिजोरी उघडावी, युरोपातलं एखादं दणदणीत नाव आणावं, मग आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) करंडक कुठे जातोय! आपल्या याच सदरात एका वाचकानेही तेच लिहिलं होतं. मला ते पटलेलं नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. अंत्रुजातल्या, म्हणजे आमच्या फोंड्याकडच्या, माणसाने नाटकावर बोलावं, फुटबॉल आमच्यावर सोडावा, असं माझे मडगावकडचे, सासष्टीतले मित्र म्हणतात. त्यांनी हे पत्र वाचलं नाही तरी चालेल.

मोठे खेळाडू येत नाहीत याचं मला दुःख नाही. आपले खेळाडू फुकट जातात, याचं आहे.

२० डिसेंबर २०१५ हा दिवस आठवा. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर चेन्नईयिनविरुद्ध आयएसएलचा अंतिम सामना, आपला प्रशिक्षक साक्षात ब्राझीलचा झिको. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला आणि गोवा २-१ने पुढे गेला. शेजारचा अनोळखी गृहस्थ माझ्या गळ्यात पडला, माझा चष्मा खालच्या रांगेत. तो शोधून डोळ्यांवर चढवेपर्यंत २-२ झालं होतं. आपला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल लागला, आणि पाठोपाठ चेन्नईयिनच्या मेंडोझाने ३-२ करून टाकलं. परतताना गाडीतले सगळे कट्टीमनीचा उद्धार करत होते. आपला गोंयकार पोरगा. त्याच सामन्यात त्याने पेनल्टी अडवली होती, हे एकानेही काढलं नाही.

आता २० मार्च २०२२. तेच फातोर्डा, पुन्हा आयएसएलचा अंतिम सामना, पण गोवा त्यात नाही. हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स. सगळं स्टेडियम केरळच्या पिवळ्या रंगाने भरलेलं. हैदराबाद एका गोलने मागे, आणि ८८व्या मिनिटाला बरोबरीचा गोल मारला कोणी? साहिल ताव्होराने. तोही गोव्याचाच. मग पेनल्टी शूटआउट, आणि हैदराबादच्या गोलात उभा कोण? कट्टीमनी! केरळच्या तिघांना त्याने अडवलं आणि करंडक हैदराबादला नेऊन दिला. सहा वर्षांपूर्वी ज्या मैदानावर त्याला शिव्या मिळाल्या, तिथेच. मी घरी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या. बायकोने विचारलं, गोवा जिंकला का? काय उत्तर द्यायचं?

फातोर्ड्यावर आयएसएलचे अंतिम सामने २०१५, २०२०, २०२१, २०२२ आणि २०२३ या साली झाले. त्यांतला पहिला सोडला तर एकातही एफसी गोवा खेळला नाही. घर आपलं आणि लग्न नेहमी दुसऱ्याचं.

मोठं नाव आणलं की करंडक येतो म्हणणाऱ्यांना ओडाफा ओकोलीची आठवण करून देतो. आपल्या गोव्याच्या चर्चिल ब्रदर्समध्ये त्याने गोलांचा पाऊस पाडला आणि २०११ साली तो मोहन बागानला गेला. त्या काळातली ही सगळ्यांत गाजलेली बदली. चर्चिल संपलं, असं इथे सगळे म्हणाले. झालं काय? ओडाफा होता तोवर बागानला आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य लीग, मिळाली नाही, आणि चर्चिलने २०१२-१३ची लीग त्याच्याविना जिंकली. गोव्याच्याच डेंपोने २००४ साली ईस्ट बंगालकडून क्रिस्तियानो ज्युनियरला आणलं, ती मात्र खरोखर सोन्यासारखी खरेदी होती. पण ५ डिसेंबरला बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात दोन्ही गोल मारून तो मैदानावरच कोसळला आणि गेला. त्याच्याबद्दल यापुढे मला लिहिवत नाही. एवढंच सांगतो की त्या मोसमाची राष्ट्रीय लीग डेंपोनेच जिंकली. संघ बांधलेला होता म्हणून जिंकली.

मग आपलीच माणसं नेऊन करंडक जिंकणाऱ्या मुंबई सिटीचं काय, असा प्रश्न येईलच. रास्त आहे. २०२०च्या जानेवारीअखेर गोवा गुणतक्त्यात पहिला असताना प्रशिक्षक लोबेरांना काढण्यात आलं. उरलेला मोसम आपल्या क्लिफर्ड मिरांडाने सांभाळला आणि लीग शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात अव्वल राहिल्याचं बक्षीस, गोव्याकडे आली. (करंडकापेक्षा मी शील्डला जास्त मानतो. सबंध मोसमाची मजुरी असते ती, एका संध्याकाळचं नशीब नव्हे.) त्यानंतर लोबेरा मुंबईला गेले. गोव्याचे खेळाडू बुमूस, जाहू, फॉल आणि आपला मंदार राव देसाई हेही तिकडेच. पुढच्या वर्षी मुंबईने उपांत्य फेरीत पेनल्टींवर आपल्यालाच हरवलं आणि रिकाम्या फातोर्ड्यात करंडक उचलला. मुंबईने मोठं नाव विकत घेतलंच नाही. एकमेकांचे पाय ओळखणारी, कोण कुठे पळणार हे न बघता सांगणारी माणसं त्यांनी प्रशिक्षकासकट नेली. पण त्यात बुमूसची तरी किंमत मोजावी लागली. करारमुक्तीची रक्कम १ कोटी ६० लाख असल्याचं तेव्हा छापून आलं होतं.

२०२४ साली मात्र कोणी काय मोजलं? ब्रँडन फर्नांडिस मुंबईला, नोआ सदोई केरळला. दोघांचे करार संपलेले, दोघेही हातपाय मोकळे करून गेले. गोव्याला दमडी नाही. मी ब्रँडनला दोष देत नाही. खेळाडूचं आयुष्य ते केवढं, चार पैसे जास्त मिळतील तिथे त्याने जावंच. भाच्याच्या जर्सीवर त्याचं नाव मीच पैसे देऊन छापून घेतलं होतं, ती आता तो फक्त घरात घालतो, तेही असो. माझा राग आहे तो हिशेबावर. फिफाचा नियम साधा आहे. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबाशी बोलणी करून पुढचा करार करायला मोकळा. म्हणजे कराराला दीड वर्ष उरलेलं असतानाच मालकांनी एक काय ते ठरवायला हवं: वाढवून द्या, नाहीतर चांगल्या भावाने विका. शेवटच्या मे महिन्यापर्यंत वाट बघायची आणि मग निरोपाचा व्हिडिओ टाकायचा, याला व्यवहार म्हणत नाहीत.

क्रिकेटवाले या बाबतीत शहाणे. राजस्थानने संजू सॅमसनला चेन्नईला दिलं, पण बदल्यात जडेजा आणि सॅम करन घेतले. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये डॅलसने २०२५ साली, आधीच्याच वर्षी संघाला फायनलपर्यंत नेलेल्या लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं. प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि काही महिन्यांत व्यवस्थापकाची खुर्ची गेली. वेडेपणाच तो, पण त्यांनाही बदल्यात अँथनी डेव्हिस मिळाला. आपल्याला व्हिडिओ मिळतो.

आणि पैशाचंच म्हणाल तर २२ ऑक्टोबर २०२५ची रात्र बघा. सौदी अरेबियाचा अल नस्र क्लब फातोर्ड्यावर आला. रोनाल्डो आला नाही म्हणून निम्मा गोवा रुसला. त्यांच्या एका खेळाडूच्या पगारात आपला अख्खा क्लब चालेल, तरी आपण हरलो ते फक्त २-१ने. आपला गोल ब्रायसन फर्नांडिसचा, इथल्याच मातीतल्या पोराचा. मला त्या गोलाइतकीच धास्तीही वाटली, कारण तो बघायला स्टँडमध्ये फक्त आम्हीच बसलो होतो असं थोडंच आहे! मुंबई-कोलकात्याचे लोकही वही घेऊन बसलेले असणार.

७ डिसेंबरला ईस्ट बंगालला पेनल्टींवर ६-५ हरवून सुपर कप आपण राखला. छान झालं, फटाके मीही वाजवले. पण त्या रात्री कोणता खेळाडू कुठल्या सालापर्यंत आपला आहे, हे स्टँडमधल्या शंभरातल्या पाचांनाही सांगता आलं नसतं.

म्हणून क्लबाकडे नव्हे, आपल्याकडे एक मागणं आहे. अदलाबदलीच्या बातम्यांना आपण क्रीडा पानावर ऐसपैस जागा देता. त्याच पानावर मोसमाच्या सुरुवातीला एक तक्ता छापा: खेळाडूचं नाव आणि त्याचा करार कोणत्या महिन्यात संपतो ते. जिथे क्लब सांगणार नाही, तिथे रकाना कोरा ठेवून खाली तसं लिहा. ते कात्रण मी दुकानाच्या काचेवर लावतो. ब्रायसनच्या नावापुढे काय छापून येतं, ते आधी बघणार आहे.

आपला,
एक प्रेक्षक, सदर-फोंडा